शंकरआण्णांची ओली रद्दी

सिनेमा संपून दिवे लागले की शंकरआण्णा उठत, बाहेर येत आणि पहिल्याच पायरीवर थांबून दोन्ही चपला काढून एकमेकींवर झटकत. आतला सिनेमा तळव्याला चिकटून घरी येऊ नये म्हणून झटकतात, असं आम्ही म्हणायचो. मग चपला पायात सरकवून ते निकाल देत. निकालाला शब्द एकच, रद्दी. मात्र तिच्या प्रती तीन होत्या. साधी रद्दी म्हणजे वेळ गेला, पण माणूस शाबूत बाहेर आला. पक्की रद्दी म्हणजे आपण रद्दी काढतोय हे काढणाऱ्याला ठाऊक होतं, तरी त्याने काढली. आणि ओली रद्दी म्हणजे जिला रद्दीवालासुद्धा काट्यावर घेत नाही. चौथी प्रत नव्हती. फार झालं तर परतीच्या वाटेवर कापूरहोळ येईपर्यंत ते काही बोलत नसत. तेवढं गप्प बसणं हीच त्यांच्याकडची सगळ्यात मोठी दाद.

आण्णा जाऊन आता वर्ष होत आलं. भोरमध्ये त्यांच्याबद्दल लोक दोन गोष्टी सांगतात. त्यांनी हजारभर सिनेमे पाहिले ही एक, आणि त्यांतला एकही त्यांना आवडला नाही ही दुसरी. पहिलीचा हिशेब मी करून पाहिला आहे. गावातलं पत्र्याचं थेटर चालू होतं तोवर आठवड्याला एक धरला, ते बंद पडल्यावर पुण्याकडच्या मॉलमध्ये महिन्याला एक धरला, आजारपणं आणि सुतकं वजा केली, तरी हजार काही भरत नाहीत. दुसरी गोष्ट मात्र मी मान्य करतो. बऱ्याच खेळांना मी शेजारच्या खुर्चीत होतो.

त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आणि माझं खतांचं दुकान यांत एक भिंत. त्यांच्या वार्निशचा वास माझ्याकडे येई, माझ्या युरियाचा त्यांच्याकडे जाई, आणि दोघांनीही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. माणूस ठेंगणा, पोट सुटलेलं, डावा गुडघा दुखरा, चष्मा दोरीने गळ्यात. लांबचं पाहायला चष्मा चढवत, जवळचं पाहायला उतरवत. विहिरीवरची जळालेली मोटार कोणी आणली की ते आधी तिचा रंग बघत. रंग नवा असला की त्यांचं तोंड कडू होई.

"वरनं रंग मारलाय म्हंजी आतली तार काळी झालीय. चांगल्या मोटारीला कोन कशाला रंगवंल?"

सिनेमाबद्दलचं त्यांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. जाहिरात जेवढी मोठी तेवढा संशय दाट. नायकाचं चित्र बसथांब्याएवढं रंगवलेलं दिसलं की ते म्हणत, "आत काय जळलंय ते बघून येऊ." एकदा मी विचारलं, "आण्णा, आवडत नाही तर जाता कशाला?" ते म्हणाले, "मोटार न उघडता जळाली म्हणून सांगायचं व्हय? ती लबाडी झाली. उघडायची, बघायची, मग शिव्या घालायच्या." हे मला पटलं. आमच्या गावात घरी बसून शिव्या घालणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची संख्या वाढते आहे.

पत्र्याच्या थेटरातला एक प्रसंग जुने लोक अजून सांगतात. सिनेमा मध्यावर आला असताना वीज गेली आणि जनरेटरही बसला. मालक हात जोडून पडद्यापुढे उभा राहिला, लोक उठायला लागले. आण्णा अंधारात मागच्या शेडमध्ये गेले, हात काळे करून घेतले आणि जनरेटर चालू करून परत खुर्चीत येऊन बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खेळ सुटल्यावर मालक त्यांना चहा पाजायला धावत आला. आण्णा पायरीवर चपला झटकत होते. म्हणाले, "चहा नको. एवढं करून बघितला, तरी पक्की रद्दी." मालकाचा चेहरा कसा झाला असेल ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे सांगत नाही.

हे सगळं गमतीत चाललं होतं. ते गमतीत राहिलं नाही ते त्या एका सिनेमामुळे. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण भोरमध्ये त्याला नावाने कोणी ओळखतच नाही. सगळे त्याला 'आपला पिक्चर' म्हणतात.

भोरला सिनेमावाले नवे नाहीत. पण हा सिनेमा परग्रहावरच्या प्राण्यांचा होता आणि ते प्राणी भोरशेजारच्या उत्रोलीच्या बाजूला भाताच्या खाचरांत उतरणार होते. पावसाळा होता, लावणी नुकतीच उरकलेली होती. एका शेतकऱ्याला नुकसानभरपाई देऊन त्यांनी त्याची लावलेली खाचरं घेतली आणि घाबरून पळायला गावकरी गोळा करायला लागले. आण्णांचे मेहुणे सोपानराव त्या वेळी नेमके भोरमध्ये होते. सोपानराव वेल्ह्याकडच्या पासलीचे, आण्णांच्या बायकोचे, म्हणजे विमलवहिनींचे धाकटे भाऊ. पावसाळ्यात मोटारी रिकाम्या असतात म्हणून तेव्हाच दुरुस्तीला येतात, तसे ते आपली मोटार घेऊन आले होते. आई लवकर गेल्यामुळे वहिनींनी या भावाला कडेवर घेऊन वाढवलेलं. पन्नाशी उलटलेला, नातवंडं असलेला हा माणूस आक्कापुढे अजून मान खाली घालून जेवायचा.

"दाजी, म्या जाऊ का पळायला?" त्यांनी आण्णांना विचारलं.

"जा की. मोटार उद्यापत्तुर व्हत न्हाई. तवर पळ." आण्णांनी मान वर न करता सांगितलं. "ओली रद्दी निघनार हाय, एवढं ध्यानात ठेव."

सोपानराव गेले, दिवसभर चिखलात भिजले आणि संध्याकाळी आले ते काही न बोलता जेवून झोपले. दुसऱ्या दिवशी मोटार घेऊन पासलीला गेले. तिथे मात्र त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं, की म्या पिक्चरमधी हाय.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी सिनेमा लागला. भोरमधून पहिल्याच दिवशी एक जीप भरून निघाली. सोपानराव नवा शर्ट घालून पासलीहून आले होते. भावाला बघायचं म्हणून कधी नव्हे त्या वहिनीही निघाल्या. मोबाईलच्या दुकानातला सचिन होता, तोही त्या गर्दीत पळालेला. आण्णा पुढच्या सीटवर बसले. जीपमध्ये जो तो 'आपला पिक्चर', 'आपला पिक्चर' करत होता. कात्रजच्या अलीकडे आण्णांना ते असह्य झालं. "आपला कसा रं? तुझ्या बापानं काढलाय का?" ते म्हणाले. सचिन म्हणाला, "आण्णा, आपलं भोर दिसतंय त्यात." आण्णा म्हणाले, "भोर बघायला जीप करून पुन्याला चाललास व्हय? खिडकीतनं बघायचं की."

मला तो सिनेमा आवडला नाही, हे सांगून टाकतो. परग्रहावरचे प्राणी अफाट अंतर तोडून येतात, जगातली मोठमोठी शहरं जाळतात आणि मग कारण न सांगता भोर तालुक्यात येतात. त्यांचं यान म्हणजे डोंगरावर पालथं घातलेलं पातेलं. ते आलं की गावातली वीज जाते. त्यावर सगळं गाव हंबरडा फोडतं. आण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "लाईट घालवायला एवढ्या लांबनं यायचं काम न्हवतं. आमी हितं बसल्या बसल्या घालवतो." नायिका धो धो पावसात धावते आणि साडीचा काठ कोरडा. शेवटी परदेशातून आलेल्या शास्त्रज्ञ नायकाला शोध लागतो की हे प्राणी देवळातल्या घंटेच्या आवाजाने मरतात. तो घंटा वाजवतो, प्राणी मरतात, लोक गुलाल उधळतात. थेटरातही काही जणांनी शिट्ट्या मारल्या. कशासाठी, हे मला कळलं नाही.

पण हे शेवटचं झालं. मध्यंतराच्या आधी गावकरी पळण्याचा प्रसंग आहे. मागे आठ हातांचा प्राणी, पुढे शंभरेक माणसं खाचरांतून चिखल उडवत, रोपं तुडवत पळताहेत. आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक माणूस चपला हातात घेऊन बांधावरून चालला आहे. चालला आहे म्हणण्याइतका हळू नाही, पळतो म्हणण्याइतका जोरात नाही. बांध संपतो तिथे तो वळतो आणि पुढच्या बांधावर जातो. बाकी सगळे त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलेले.

"आमचा सोपान!" वहिनी अंधारात मोठ्याने म्हणाल्या. आणि थेटर हसायला लागलं. आधी मागचे दोन-चार जण, मग सगळेच. सोपानराव माझ्या पलीकडे बसले होते. आधी ते हसले, आपण दिसलो म्हणून. मग थेटर कशाला हसतंय ते त्यांच्या ध्यानात आलं.

सिनेमा सुटला. पायरीवर चपला झटकून झाल्या. आम्ही सगळे जीपभोवती उभे होतो. आण्णांनी निकाल दिला, "ओली रद्दी." आणि तिथेच थांबायचं ते थांबले नाहीत. "आनि त्यात समद्यात ओलं काम आमच्या मेव्हन्याचं. मागं आठ हाताचा राक्षस, आनि पाव्हनं निघालंय हळदीकुंकवाला!"

जीप हसली. मीही हसलो असेन. वाक्य चांगलंच होतं. वहिनी हसल्या नाहीत. सोपानराव म्हणाले, "व्हय दाजी, नासलंच माझ्याच्यानं." एवढंच. ते परतीच्या वाटेवर नसरापूरला उतरले. तिथून वेल्ह्याची गाडी मिळते. आक्काकडे मुक्कामाला राहायचं ठरलं होतं, पण थांबले नाहीत.

आता सचिनने काय केलं, ते सांगतो. त्याने थेटरात मोबाईलवर घेतलेल्या त्या तुकड्याला गमतीचं संगीत लावलं, सोपानरावांभोवती लाल गोल काढला आणि वर आण्णांचं वाक्य लिहिलं, 'पाव्हनं निघालंय हळदीकुंकवाला'. हे मोबाईलवर भोरमधून वेल्ह्यात, वेल्ह्यातून पासलीत आणि तिथून देव जाणे कुठे कुठे पोचलं. पासलीत पोरं सोपानरावांना बघून हातात चपला घ्यायला लागली. ते शब्द कोणाचे हे सोपानरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

त्यांचा फोन वहिनींना आला. "आक्का, औंदा भाऊबीजंला जमायचं न्हाई. कापणी हाय." कापणी दरवर्षीच असते. वहिनींनी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून त्या आण्णांना जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. आमटी जास्त हवी की नको हेही विचारत नसत. आमटी थोडीच वाढली जायची.

दिवाळीच्या तोंडावर कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा पिताना पुन्हा तो विषय निघाला. सचिन होता, शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते, मी आणि आण्णा.

गुरुजी म्हणाले, "काही म्हणा, मराठी माणसाने एवढं धाडस केलंय. कौतुक करायला हवं."

"का? त्याच्या घरी जेवायला गेलो व्हतो का आपन?" आण्णा म्हणाले. "लग्नातल्या जेवनाला नावं ठिवू ने, ते ठीक. हे काय त्याचं लगीन न्हवतं."

"आण्णा, तुमाला नवं कायच आवडत न्हाई," सचिन म्हणाला. "ते यान कसलं दाखवलंय! एक नंबर."

"पातेलं व्हतं ते."

"बरं, पातेलं. पर पळायचा सीन? अंगावर काटा येतो राव. तेवढा तुमच्या मेव्हन्यानं त्यात घोळ घातला, न्हाईतर सीन लई भारी व्हता."

मला वाटलं, आण्णा आता हसतील. ते बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाखव."

सचिनने मोबाईल पुढे केला. आण्णांनी चष्मा उतरवला, मोबाईल नाकाजवळ नेला, जळालेल्या तारेची गुंडाळी बघावी तसा. एकदा बघितलं, दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघताना बोटाने चित्र थांबवलं.

"ह्यो कोन?"

"म्या," सचिन म्हणाला.

"दात काढतोयस."

"कुठं?"

"ह्ये बघ की. मागं राक्षस हाय आनि तू दात काढतोयस. ह्यो शेजारचा क्यामेऱ्याकडं बघतोय. ही बाई पदर सावरतीय. शंभर मान्सं पळत्यात आनि एकालाबी भ्या वाटत न्हाई. समद्या पिक्चरमधी घाबरलेलं मानूस एकच हाय. ह्यो बांधावरचा."

"ते कुठं घाबरलंय? निवांत चाललंय की."

"राक्षसाला न्हाई रं. पाय रोपावर पडंल म्हणून घाबरलंय." आण्णांचा आवाज चढला. "बघ की त्याचं पाय. रोप लावून चार दीस झालेलं, दुसऱ्याचं खाचर. त्येला भ्या वाटलं ते खरं. बाकी समदं रंगवल्यालं हाय. तू, राक्षस, पातेलं, समदं!"

गुरुजींनी मान हलवली, पण ते सगळ्यालाच मान हलवतात. आण्णा म्हणाले, "वरचं वाक्य काढ. ते माझं हाय."

"आण्णा, ते म्या काढून काय उपेग? लोकांनी पुढं धाडलंय. माझ्या हातात न्हाई राहिलं."

आण्णांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि चहा अर्धा टाकून उठले. चहा अर्धा टाकताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

हॉटेलातलं बोलणं भोरमध्ये घरी पोचायला वेळ लागत नाही. संध्याकाळी मी हिशेबाचं काही विचारायला त्यांच्याकडे गेलो तर वहिनी स्वयंपाकघरातून बोलत होत्या. बऱ्याच दिवसांनी बोलत होत्या, पण तोंड चुलीकडेच.

"हाटेलात लई चांगलं बोललात म्हनं."

आण्णा चष्मा पुसत राहिले.

"माझा भाऊ हाटेलात न्हाई राहत."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मला बघायला दुसरं काही नव्हतं म्हणून मी कॅलेंडरकडे बघितलं. माघार घेणं त्यांना येतच नव्हतं. दिलेला निकाल त्यांनी कधी फिरवला नव्हता. एकदा एका माणसाची मोटार जळालीच आहे म्हणून सांगितलं आणि ती जळालेली नव्हती, तर ती फुकट दुरुस्त करून दिली, पण चुकलो म्हणाले नाहीत.

भाऊबीजेच्या सकाळी ते माझ्या दारात आले. इस्त्रीचा सदरा, टोपी. "गाडी काढता का? पासलीला जायाचं." मागे वहिनी उभ्या. हातात ओवाळणीचं ताट, त्यावर रुमाल बांधलेला. आमच्यात भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे येतो. बहीण ताट घेऊन भावाच्या दारात जात नाही. आळीतल्या एक काकू गॅलरीतून म्हणाल्याच, "विमल, उलटी गंगा कुठं निघाली?" वहिनींनी उत्तर दिलं नाही. आण्णांनी दिलं. "निघाली म्या नेतोय म्हणून. तुमाला यायचंय का?"

पासलीकडे भात निम्मं कापून झालं होतं, भारे बांधावर पडलेले. सोपानराव घरापुढच्या खळ्यात होते. आम्हाला बघून पुढे आले, आक्काच्या पाया पडले, मग आण्णांच्या. पाण्याचा तांब्या आणला. खाट टाकली. सगळं रीतसर, आणि रीतसर असल्यामुळेच परकं.

आण्णा खाटेवर बसले आणि पहिलंच वाक्य बोलले, "सोपाना, पिक्चर रद्दी हाय."

वहिनींनी कपाळाला हात लावला.

"ऐक. पिक्चर ओली रद्दी. त्यात तेवढा तू खरा हायस. आनि ते हळदीकुंकवाचं वाक्य माझं व्हतं. ते वाक्यबी रद्दी."

स्वतःच्या कुठल्या गोष्टीला त्यांनी हा शब्द लावलेला मी तरी दुसऱ्या वेळी ऐकला नाही. मला वाटलं, आता मिटलं. पण सोपानरावांनी मान हलवली.

"न्हाई दाजी. वाक्य चांगलं व्हतं. हितं समदी हसली. म्याबी एकदा हसलो. आनि पिक्चरबी चांगला हाय."

"काय?"

"लई चांगला हाय. पिक्चरमधी ती म्हातारी मरती तवा म्या रडलो. नंतर पोरानं मोबाईलवर दाखवला तवाबी रडलो. एवढा चांगला पिक्चर, आनि त्यात म्या घान केली. तो शूटिंगवाला सायेब मला वरडत व्हता, काका, खाचरातनं पळा, खाचरातनं पळा. परत परत पळवलं. भरपाई दिलीय म्हनाला. मलाबी कळत व्हतं. पर पायच उतरंना. तुमी पहिल्यांदा बोललात तेच बराबर व्हतं."

आण्णा माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यभर त्यांनी निकाल दिले आणि लोकांनी ते हसण्यावारी नेले. ज्याने मनावर घेऊ नये अशी त्यांची इच्छा होती, त्या एकट्याने मनावर घेतला होता. सिनेमा चांगला असेल तर सोपानराव त्यातला डाग होते. सिनेमा वाईट आहे हे पटवल्याशिवाय त्या माणसाची मान वर होणार नव्हती. आणि त्याला तर तो आवडला होता.

"चांगला?" आण्णा उठूनच उभे राहिले. "अरं, घंटेनं मरनारी जात ती! सकाळ संध्याकाळ घंटा वाजती गावात. मग आधीच का न्हाई मेली?"

"आधी ती आली कुठं व्हती दाजी? आली त्या दिवशी पुजारीच पळाला व्हता. वाजवनार कोन?"

आण्णांना हे सुचलं नव्हतं. मलाही नाही. मी आठवून पाहिलं. पुजारी खरोखरच आधी पळालेला होता.

"आनि लाईट? लाईट गेली म्हणून रडत्यात!"

"तुमी दुकानात काय करता, लाईट गेली की? शिव्याच देता न्हवं? त्यांनी रडून घेतलं."

"साडी कोरडी राहती का पावसात?"

"तेवढं चुकलं," सोपानरावांनी मान्य केलं. "पर म्हातारी खरी मेली."

"म्हातारी खरी कशी मरंल? ती गेल्या महिन्यात दुसऱ्या पिक्चरात व्हती!"

सोपानरावांच्या ओठांच्या कडा हलल्या. वहिनी आत जाऊन तबकात निरांजन लावून आल्या, पाट मांडला. कोणाचं लक्ष नव्हतं. आण्णा खळ्याच्या मधोमध गेले होते.

"बरं, तुझं चुकलं म्हनतोस. मग मानूस घाबरून पळतो कसा, ते दाखव मला."

"म्या न्हाई दाजी. म्या एकदा दाखवून बसलोय. तुमीच दाखवा."

आण्णांनी टोपी काढून माझ्याकडे दिली. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस, पोट पुढे, गळ्यात चष्मा लोंबतोय. ते खळ्याच्या कडेने पळायला लागले. दोन्ही हात वर, तोंड उघडं, "आलं रं, आलं रं" करत. सोपानरावांची नातवंडं ओट्यावर येऊन उभी राहिली. कोंबड्या मागे सरल्या.

"न्हाई दाजी, असं न्हाई," सोपानराव म्हणाले. "भ्या वाटत न्हाई. तुमी तर वरातीत चालल्यागत."

"थांब, आता बघ."

"मागं बघू नगा. मागं बघितलं की आपटाल. पुढं बघा."

"बघतोय की पुढं!"

"तोंड मिटा. घाबरलेलं मानूस वरडत न्हाई."

आण्णा थांबले, धाप टाकली, तोंड मिटलं आणि परत पळाले. आता सोपानराव खाटेवरून उठले होते, हात कमरेवर ठेवून खळ्यात उभे होते आणि हसत होते. आधी मनातल्या मनात, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अजून एकदा, दाजी. निम्मं जमलं. अजून एकदा."

पाट रिकामा होता. वहिनी निरांजनावर आडवा हात धरून उंबऱ्यात उभ्या होत्या आणि सांगत होत्या, "आधी ओवाळून घेऊ द्या, मग किती पळायचं तेवढं पळा." दोघांतल्या एकालाही ते ऐकू गेलं नाही. आण्णा वळून पुन्हा खळ्याच्या दुसऱ्या टोकाला निघाले होते, तोंड घट्ट मिटून.